तुमी तुमीच हाय का?

पुण्याच्या एका कंपनीच्या माणसाने मला फसवलं आणि दोष मॅडमच्या माथी बसला. हे आधीच सांगून टाकतो.

मॅडम घाटनांदूरला आमच्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास चालवायच्या. फोन उचलला की पहिला प्रश्न, "काका, तुमी तुमीच हाय का?" गल्ली हसायची. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या वाक्यावर सगळे विनोद करतात, पण अर्थ कुणी विचारत नाही.

मला तो विचारावा लागला. माझं रेशमाचं चॉकी केंद्र आहे. अंड्यातून निघालेल्या अळ्या आठ-दहा दिवस सांभाळायच्या, मग शेतकऱ्यांच्या शेडवर पोचवायच्या. खोली तापली की अळ्या पाला सोडतात आणि मरतात. उन्हाळाभर माझा जीव त्या खोलीत टांगलेला असतो. मॅडमनी एक डबी बनवून दिली. तापमान तीसच्या वर गेलं की घंटा.

पण खोली गार असतानाही ती घंटा वाजायची. वायर जराशी निसटली की वाजली. मी जेवणावरून उठून पळायचो. एकदा तडकलोच.

"मॅडम, ही डबी हाय का भांडखोर सून?"

"काका, वायर तुटली की डबीला शून्य दिसत न्हाई. ती म्हनती, 'नॉट अ नंबर', हा आकडाच न्हाई. मग त्यालाच इचारा, तीसच्या वर हायस का? न्हाई. खाली हायस का? न्हाई. तू तूच हायस का? त्यालाबी न्हाई! मग घंटा वाजंल कशी? त्यापेक्षा गणितातला अनंत परवडला. तो तीसपेक्षा मोठा तरी असतो, बोंबलतो. हे गप बसतं."

"मग?"

"मग मी प्रोग्राममधी एक ओळ घातली. जो आकडा सोताच्या बरोबर न्हाई, तिथंबी घंटा."

"ती ओळ काढा."

"डबी काढा. ओळ न्हाई निघायची."

मी उभा जन्म मोंढ्याच्या बाजारात घासाघीस केली. ही बाई एका ओळीवरून तसूभर हलली नाही.

मग तो पुण्याचा माणूस आला. त्याच्याकडे नवी डबी, चकचकीत पडदा, त्यावर आलेख. मी त्याला निम्म्या किमतीवर आणला आणि स्वतःवर खूश झालो. मॅडम दारात उभ्या होत्या.

"वायर तुटली तर वाजतं का?"

"मॅडम, तीसच्या वर गेलं की वाजणारच. आमची हमी."

"मी ते इचारलं न्हाई." मग माझ्याकडे वळून, "काका, एकदा वायर उपसून बघा."

मी बघितलं नाही. मॅडमची डबी काढली आणि त्यांच्याच वायरीवर नवी बसवली.

एप्रिलच्या एका दुपारी पाला चिरणाऱ्या सुशीलाबाई आल्या. "काका, डबीवर एन, ए, एन आलंय. नान."

"नान? मग तंदूर पेटवा."

दोघंही हसलो. घंटा गप्प होती, म्हणून मीही निवांत. तासाभराने दार उघडलं. कूलर बंद पडलेला, खारीने वायर कुरतडलेली आणि ट्रेमधल्या अळ्या निश्चल. तिकडे चाळीस शेतकरी तुतीचा पाला कापून वाट बघत होते.

शेतकऱ्यांच्या बैठकीत कंपनीचा माणूस म्हणाला, "वायर जुनी, लोकल. मॅडमनी जोडलेली." सगळे मॅडमकडे बघू लागले. कुणीतरी म्हणालं, "क्लासवालीला काहून हात लावू दिला?" वायर तुटणारच, ती तुटल्यावर काय होतं तोच प्रश्न होता, हे त्या खोलीत मॅडमना आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. रुपयासाठी बाजार डोक्यावर घेणारा मी, चपलेकडे बघत राहिलो.

दोन महिन्यांत क्लासला कुलूप लागलं. मॅडम आता लातूरला असतात. मी फोन करतो. त्या उचलतात आणि नुसतं "बोला" म्हणतात. मी मीच आहे का, हे आता विचारत नाहीत.

काल मी त्या चकचकीत डबीची वायर स्वतः उपसली. दहा मिनिटं उभा राहिलो. पडद्यावर नान. घंटा गप्प.

त्या माणसाने इथे यावं. त्याच चाळीस जणांसमोर आणि मॅडमसमोर वायर उपसावी आणि घंटा का वाजली नाही ते सांगावं. मी का वाजलो नाही, ते मीही सांगतो. पण आधी त्याने.