ज्याने त्याने शेजाऱ्यालाच सांगायचं

नेटवर्क स्टॅक लिहिणाऱ्या माणसांकडे किस्से नसतात, असं माझ्या बायकोचं लग्नाआधी मत होतं. आता घरी कुणी पाहुणे आले की तीच म्हणते, "तो ठेच्याच्या वाटीचा सांगा ना." काय होतं, चार माणसं वर्षानुवर्षं एका लांबट खोलीत बसून एकच गोष्ट बनवत असली की त्यांना त्या गोष्टीच्या सवयी लागतात, आणि मग किस्से करावे लागत नाहीत, ते आपोआप साठत जातात.

आमचं ऑफिस जबलपूरला नेपियर टाउनमध्ये, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. खाली ड्रिल सुरू झालं की आमच्या टेबलांना बारीक कंप सुटायचा. आम्ही बनवत होतो ते एका नखाएवढ्या चिपवर चालणारं सॉफ्टवेअर. कुंडमकडच्या गावांतल्या पाण्याच्या टाक्यांवर ही चिप बसायची, पाणी किती आहे ते रेडिओने शेजारच्या टाकीला सांगायची, ती पुढच्या टाकीला, असं करत निरोप कुंडमच्या सरकारी ऑफिसात पोचायचा.

हे सगळं बनवायचं मंजिरी दीदींनी ठरवलं होतं. दीदी पुण्याची चांगली नोकरी सोडून जबलपूरला परत आल्या होत्या. "इथं बसून होते का नाही, ते पाहून घेऊ," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. नाही झालं तर आम्ही सगळे आपापल्या वाटेने पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जाणार, हे न बोलता ठरलेलं होतं. प्रत्येकाच्या घरी रोज एकच प्रश्न असायचा, "काहून इथं बसून राहिला रे?"

* * *

स्टॅक म्हणजे काय, हे दीदी जेवणाचा डबा दाखवून सांगायच्या. चार पुडांचा डबा. प्रत्येक पुडाला फक्त वरचा आणि खालचा पूड माहीत. सगळ्यात खाली रेडिओ, त्यावर पत्ते आणि रस्ते, त्यावर निरोप नक्की पोचला की नाही ते पाहणारा, आणि सगळ्यात वर पाण्याची पातळी दाखवणारा. खालचा काय करून राहिलाय, याच्याशी वरच्याला काही घेणंदेणं नाही.

मग त्यांनी आम्हालाही तसंच बसवलं! खिडकीशी सोनी भैया, म्हणजे रेडिओ. त्याच्या शेजारी मी, पत्ते आणि रस्ते. माझ्या शेजारी पराग, पोच घेणारा. आणि दाराशी स्वतः दीदी. नियम एकच, ज्याने त्याने शेजाऱ्यालाच सांगायचं.

पहिल्याच आठवड्यात मी उठून सरळ दीदींकडे गेलो आणि म्हणालो की सोनी भैयाची वायर सैल झाली आहे. दीदींनी मान वर केली नाही. "सुहास, तू मला काहून सांगून राहिला? परागला सांग." मी परागला सांगितलं. दीदी दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या, सगळं ऐकत होत्या, पण परागने सांगेपर्यंत त्यांना काही माहीत नव्हतं. "आपण असं बसलो नाही, तर कोडही असं बसणार नाही," त्या म्हणाल्या.

* * *

सोनी भैयाचा गृहप्रवेश होता. भैया जबलपूरचाच, घरी पक्की हिंदी, पण नियमाचा आमच्याहून पक्का. त्याने दीदींच्या नावाची पत्रिका माझ्या हातात दिली. मी ती परागकडे सरकवली. पराग सुट्टीवर होता, म्हणून त्याच्या टेबलावर ठेवली आणि माझं काम झालं असं समजून मी गृहप्रवेशाला जाऊन पोटभर जेवून आलो. नव्या घरापासून दीदींचं घर एक गल्ली सोडून. सोनी वहिनी सारखी विचारत होती, "दीदी क्यों नहीं आईं?"

पराग परतल्यावर पत्रिका दीदींकडे गेली. आम्हाला वाटलं आता काही खरं नाही. दीदींनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "सोनी, मला मिळाली असं तुला कोणी सांगितलं होतं का?" तो नाही म्हणाला. "मग दुसरी पत्रिका का नाही पाठवली?"

त्या दिवसापासून ऑफिसात 'मिळालं' म्हणायची पद्धत सुरू झाली. काहीही एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलं की शेवटच्याने 'मिळालं' म्हणायचं आणि ते त्याच वाटेने, एकेकाने, परत जायचं. ज्याने पाठवलं त्याच्यापर्यंत ते पोचलं की मगच काम झालं. सोनी भैया 'मिल गया' म्हणायचा, ते चालायचं. कोडमध्येही तेच बसलं.

* * *

ते 'मिळालं' ऐकायची सगळ्यात जास्त घाई परागच्या आईला असायची.

पराग जबलपूरच्याच दीक्षितपुऱ्याचा. त्याला मराठी कळते सगळी, पण बोलायला गेला की अर्ध्या वाक्यात हिंदीत उतरतो. काकू दुपारी फोन करायच्या, जेवला का म्हणून. त्याने उचलला नाही तर लगेच पुन्हा, आणि पुन्हा. एका दुपारी त्यांच्या फोनांमुळे त्याची बॅटरी संपली आणि दीदींचा एक महत्त्वाचा फोन लागलाच नाही.

टाक्यांचंही नेमकं तेच होत होतं. पोच आली नाही की सगळ्या टाक्या एकदम पुन्हा ओरडायच्या आणि कुणाचंच ऐकू यायचं नाही. परागने आईला समजावलं की पहिल्यांदा थोडं थांब, नंतर त्याच्या दुप्पट, मग त्याच्याही दुप्पट. काकूंनी पाळलं. मग त्याने तेच टाक्यांना शिकवलं, आणि गोंगाट बंद झाला. आईवर आधी प्रयोग करून मग टाकीवर बसवलेलं हे जगातलं एकमेव सॉफ्टवेअर असावं, आणि मला त्याचा अजून अभिमान आहे.

* * *

एकदा रेडीमेड स्टॅक विकणारी एक कंपनी आली. म्हणजे एक माणूस आला, कडक इस्त्रीचा. ज्या सरकारी खात्याच्या टाक्या होत्या त्यांनीच पाठवला होता. आमचं जमलं नाही तर याचं घेऊ, असा त्यांचा सरळ हिशोब. तो लॅपटॉपवर बराच वेळ रंगीत चित्रं दाखवत राहिला आणि शेवटी म्हणाला की जबलपुरात बसून कोणी स्टॅक लिहितं का, हे काम विकत घ्यायचं असतं.

दीदींनी आमची चिप त्याच्यापुढे ठेवली. "इसमें बिठाके दिखाइए."

त्याने चिपची माहिती वाचली, परत वाचली, आणि बाकीची मेमरी कुठे आहे म्हणून विचारलं. दीदींनी परागकडे पाहिलं, परागने माझ्याकडे, मी सोनी भैयाकडे. भैया शांतपणे म्हणाला, "इतनी ही है साहब. हम लोग इसी में रहते हैं."

तो चहा न घेता गेला. आम्ही त्याचाही चहा वाटून घेतला.

* * *

आता ठेच्याची वाटी.

सरकारी खात्याची कुंडममधली परीक्षा जवळ आली होती. महिनाभर टाक्यांकडे कुणीही फिरकायचं नाही, आणि शेवटच्या दिवशी खात्याचे मोठे साहेब येऊन स्वतः पाहणार. आणि नेमकं तेव्हाच ऑफिसातली आमची चिप चार-पाच दिवस चालून गप्प व्हायला लागली. चूक सापडेना. परागला बेंगळुरूहून मुलाखतीचं बोलावणं आलेलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विषय काढत नव्हतं. दीदींचा चेहरा उतरलेला मी त्याच दिवसांत पाहिला, आधी कधी नाही.

चिपमध्ये जागा इतकी कमी की निरोप ठेवायला मोजकीच खोकी. खोकं हातोहात वर जायचं, काम झालं की रिकामं परत ठेवायचं. आमच्या जेवणातही हीच पद्धत होती. माझी आई ठेचा द्यायची, त्याची वाटी एकच. ती सोनी भैयापासून निघायची, दीदींपर्यंत जायची आणि परत फिरायची.

त्या सोमवारी वाटी फिरायला निघाली आणि परत आलीच नाही. भैया पुन्हा ठेचा घ्यायला कोरडी पोळी हातात धरून बसला होता. शेवटी दीदींनी विचारलं की ठेचा कुठे अडकला. वाटी परागच्या मॉनिटरमागे होती. "मला उपास आहे ना," तो म्हणाला. "मला नको होता, म्हणून बाजूला ठेवला."

दीदींचा घास हातातच राहिला. "पराग, एकच निरोप दोनदा आला तर दुसऱ्याचं तू काय करतो?"

"नको असतो ना, तर सोडून देतो."

"आणि खोकं?"

पराग हात न धुता कीबोर्डकडे वळला, उपास असल्यामुळे धुवायचे नव्हतेच म्हणा. एक ओळ घातली, नको असलेल्या निरोपाचं खोकं रिकामं करून परत ठेवणारी. चिप त्यानंतर बंद पडली नाही. पराग मुलाखतीला गेला नाही, आणि उपास असो नसो, वाटी पुढे द्यायला कधी विसरला नाही.

* * *

आणि कुंडम.

महिना पार पडत आला, एकही टाकी गप्प झाली नव्हती. शेवटच्या दिवशी सोनी भैया आणि मी सकाळी लवकर पोचलो. आदल्या संध्याकाळी वीज पडून गावाजवळच्या शेवटच्या टाकीचा रेडिओ जळला होता. ही टाकी सरकारी ऑफिसच्या मागेच, आणि सगळ्या गावांचे निरोप तिच्यातूनच खोलीत यायचे. दुसरा रेडिओ जबलपुरात.

भैयाने टाकीपासून खिडकीतून खोलीपर्यंत एक काळी तार ओढली आणि आपला सगळ्यात खालचा थर तेवढा बदलला, रेडिओऐवजी तार. "नीचे का मैं देख लूँगा," तो म्हणाला, "तू अपना काम कर." मी माझं तपासलं. माझ्या थरात एक अक्षर बदलावं लागलं नाही. निरोप येत होते. मग परागला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.

थोड्या वेळाने साहेब आले, त्यांच्या ज्युनिअर इंजिनिअरला घेऊन. बरोबर दीदी आणि पराग. साहेबांनी लांबच्या एका गावात फोन करून टाकीचा नळ सोडायला सांगितला. स्क्रीनवर पाणी उतरायला लागलं. दीदी स्क्रीनकडे बोट करून म्हणाल्या, "सर, वहाँ से यहाँ तक बीच में एक भी तार नहीं है."

साहेबांनी आपल्या बुटाखालच्या काळ्या तारेकडे पाहिलं. "तो ये क्या है?"

दीदींनी परागला विचारलं. परागने मला विचारलं. मी सोनी भैयाला विचारलं. भैया म्हणाला, "रेडियो कल जल गया. तार डाल दी. ऊपर किसी को कुछ बदलना नहीं पड़ा." मी ते परागला सांगितलं, परागने दीदींना, दीदींनी साहेबांना.

स्क्रीनवर पाणी उतरत होतं.

"मतलब आपको पता ही नहीं था?" साहेबांनी विचारलं.

"नहीं सर," दीदी म्हणाल्या. "मुझे पता चलने की ज़रूरत ही नहीं पड़नी चाहिए थी. यही तो बनाया है हमने."

साहेब आधी स्क्रीनकडे वळले. मग तारेकडे, मग ओळीने आम्हा चौघांकडे. मग शेजारच्या ज्युनिअर इंजिनिअरकडे झुकले आणि म्हणाले, "इनको बता दीजिए, पास."

इंजिनिअरने दीदींना सांगितलं. दीदींनी परागला सांगितलं. परागने मला. मी खिडकीशी पक्कड घेऊन उभ्या असलेल्या सोनी भैयाला सांगितलं.

"मिल गया," भैया म्हणाला.

मी परागकडे वळलो आणि म्हणालो, "मिळालं." पराग दीदींकडे वळला. दीदींनी डोळे पुसले आणि ज्युनिअर इंजिनिअरला म्हणाल्या, "साहब से कहिए, मिल गया."