चढावर इंजिन राखणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई आमच्या लोधिवलीच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा आल्या, त्या स्कूटरचा ब्रेक आवळून घ्यायला. मोहोपाड्याच्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेतून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मी आणि आमचा चालक दत्तू तेव्हा एका उघडलेल्या इंजिनापाशी सुन्न उभे होतो. कर्जतजवळच्या डोंगरचढाच्या शर्यतीसाठी आम्ही गाडीला टर्बो बसवला होता. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, त्याने ताकद वाढते. पण ती हवा तापते, आणि त्या तापाने आमचा पिस्टन वितळला होता.

हवेच्या वाटेत पाणी आणि मिथेनॉलचा बारीक फवारा मारला तर ती थंड होते, एवढे आम्ही ऐकून होतो. ताईंची सारी नोकरी मिथेनॉलच्या सोबतीने झालेली. त्यांनी पिस्टन हातात घेऊन निरखला आणि आम्ही काय करू पाहतो आहोत ते नीट विचारून घेतले. स्कूटर तयार झाली तरी त्या निघाल्या नाहीत.

पुढे दर रविवारी त्या येत राहिल्या. फवाऱ्याच्या टाकीत बोअरचे पाणी त्यांना चालत नसे, कारण त्यातल्या क्षाराने नॉझल, म्हणजे फवाऱ्याचे बारीक तोंड, बुजते. टर्बोचा दाब त्या एकदम वाढवू देत नसत. जरासा वाढवायचा, गाडी चढावर न्यायची, इंजिन खडखडते का ते ऐकायचे, मगच पुढे जायचे. फवारा थांबला तर दाब आपोआप उतरेल, अशी जोडणी झाल्याशिवाय त्यांनी शर्यतीला होकार दिला नाही.

एकदा दत्तूने उरलेले मिथेनॉल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवले. त्याची मुले गॅरेजमध्ये खेळायला येतात, हे ताईंच्या ध्यानात होते. त्यांनी आवाज चढवला नाही. त्याला शेजारी बसवून, हे पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो, हे समजावले. दुसऱ्या दिवशी स्वतः रंगवलेले लाल कॅन आणि कुलूप घेऊन आल्या. दत्तू त्यांना ‘आत्या’ म्हणू लागला तो तेव्हापासून.

शर्यतीत दोन फेऱ्या असतात आणि त्यांतली चांगली वेळच धरतात. शर्यतीच्या दिवशी पहिल्याच फेरीत, अर्ध्या चढावर, फवारा थांबल्याचा धोक्याचा दिवा लागला. दाब उतरला आणि गाडी रखडत वर पोचली. दत्तू चिडून खाली आला.

“आत्या, तुमच्या जोडणीनंच मला अडवलं.”

“इंजिन जितं हाय ना रं?” ताई म्हणाल्या. “मग अजून एक फेरी हाय आपली.”

टाकी भरलेली होती, पंपही चालत होता. नॉझल उघडले, तर गाळणीत प्लास्टिकचा कीस अडकलेला. नव्या टाकीला भोक पाडताना तो आत राहिला असावा. ताईंनी टाकी धुववून घेतली, गाळणी स्वच्छ केली आणि फवारा काचेच्या भांड्यात सोडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मगच दत्तूला मानेने होकार दिला.

दुसऱ्या फेरीत गाडी कुठेही अडखळली नाही. शेवटच्या वळणावर इंजिनाचा आवाज भरून आला आणि माथ्यावरून पहिल्या नंबराची घोषणा झाली. दत्तूने चषक घेतला, गर्दीतून वाट काढत आला आणि तो ताईंच्या हातात दिला. भिवपुरीकडून आलेले ताईंचे भाऊबंद शिट्ट्या वाजवत होते. मी ताईंना रडताना पाहिले ते त्या एकाच वेळी.

पुढच्या रविवारी त्या, शर्यतीत इंजिन जळून हरलेल्या एका संघाच्या गॅरेजात गेल्या आणि दाब उतरवणारी जोडणी त्यांना शिकवून आल्या. मला ते रुचले नव्हते, तसे मी बोललोही. त्या म्हणाल्या, “त्यांचं इंजिन जळालं म्हणून जिंकण्यात काय हाय? चांगलं चालू दे, मग हरवू.” आज या पट्ट्यातल्या कितीतरी शर्यतीच्या गाड्यांत ती जोडणी आहे, आणि दत्तू त्यांच्याविरुद्ध अजूनही जिंकतो आहे.

ताई, पंचाहत्तरीच्या या प्रसंगी आम्हा सर्वांचा नमस्कार स्वीकारावा. आपले कान असेच तल्लख राहोत, गुडघे साथ देवोत, आणि शंभरीपर्यंतचे सारे रविवार आम्हाला मिळोत. शर्यतीत दुसऱ्या माणसाला बसू देत नाहीत. म्हणून येत्या सरावाला शेजारच्या सीटवरून चढ चढायची आपली इच्छा दत्तूने मनावर घेतली आहे. आपल्या मापाचे हेल्मेट आले आहे. गाडी किती जोरात न्यायची, ते मात्र आपणच सांगावे.