पट्टीश्वरमच्या फाट्यावरचा बाण
समोरच्या दुकानाची पाटी आज नव्यानं रंगवली, तिच्या ओल्या रंगाच्या वासानं मला तमिळ मुलखातला पट्टीश्वरमचा फाटा आठवला. नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. मंगळसूत्र मुलीच्या आजोळच्या, म्हणजे आमच्या घरच्या, देवापुढं ठेवून न्यायची आमच्यात रीत, म्हणून ते पदराला बांधून मी सासूबाईंबरोबर रिक्षानं निघाले. फाट्यावरच्या पाटीवर 'कल्याणमंडप', म्हणजे लग्नाचा मंडप, एवढंच लिहिलेलं आणि बाण सरळ वर. रस्ते मात्र दोन, एक डावीकडं, एक उजवीकडं. "लग्न काय आभाळात आहे?" सासूबाई म्हणाल्या. डावीकडं एका दाराला केळीचे खांब बांधलेले दिसले, म्हणून तिकडं गेलो. दारातल्या बायकांनी गुलाबपाणी शिंपडलं, चंदन-कुंकू लावलं, खडीसाखर दिली आणि हाताला धरून आत बसवलं. बघते तर नवरदेव आमचा नव्हता. "आई, हे लग्न दुसऱ्यांचं," मी पुटपुटले. "मग सांग की ग त्यांना! माझ्या तोंडात साखर आहे." मुहूर्त अगदी जवळ आला होता. घराबाहेर मी कधी तोंड उघडत नसे, पण उभी राहिले आणि तमिळमध्ये मोठ्यानं म्हणाले, "आमच्या मुलीचं मंगळसूत्र माझ्याकडं राहिलंय, दुसरा मंडप कुठं आहे?" वाजंत्रीसुद्धा थांबली. नवरीची आई स्वतः धावत रिक्षापर्यंत आली आणि तिनं उजवीकडचा रस्ता दाखवला. आमच्या मंडपाच्या दारात नणंद रडवेली उभी होती. मंगळसूत्र तिच्या हातात दिलं आणि लग्न वेळेवर लागलं. अजूनही बसमध्ये मी गावाचं नाव मनात दोनदा म्हणून मग कंडक्टरला सांगते. त्या दिवशी मात्र अख्ख्या परक्या मंडपानं माझा आवाज ऐकला.