गुडघ्याचं माप

लोक त्यांना कोपरेवाले म्हणत. बागेतला एखादा दुर्लक्षित कोपरा धरायचा आणि वेल, दगड, जुनं लाकूड घेऊन तिथे माणसाला निवांत बसण्यापुरती जागा करून द्यायची, हा त्यांचा धंदा. रंग नाही, सिमेंटचे हंस तर मुळीच नाहीत. जागा तिथेच उगवल्यासारखी वाटली पाहिजे. काम संपल्यावर एका गृहस्थांनी "मग सुरुवात कधी करताय?" असं विचारलं, तेव्हा कोपरेवाले आठवडाभर खुशीत होते. ते सांगायला घरी कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

बैठकीची उंची ते मालकाच्या गुडघ्यावरून घेत. मालकाला उभं करायचं, दोरी लावायची, गाठ मारायची. टेपवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

एक दिवस वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यांचं दुखणं आता बरं आहे, पण दिवसभर खोलीतच बसून असतात. मागे एक कोपरा करून द्या ना."

दोघा भावांत अकरा वर्षं अबोला होता. दादाने मागच्या अंगणातलं वडिलांनी लावलेलं झाड तोडलं, तेव्हा कोपरेवाले चारचौघांत बोलून गेले होते, "आज तू बाबांनाच तोडलंस." झाड वाळवीने पोखरलं होतं, हे नंतर कळलं. पण माफी मागायला जीभ रेटली नाही. आता एवढंच हवं होतं, की दादाने एकदा बोलावं.

आठ दिवस काम चाललं. दादा खिडकीतून बघायचा, बाहेर काही यायचा नाही. मग माप कसं घेणार? कोपरेवाल्यांनी स्वतःच्याच गुडघ्याला दोरी लावली. लहानपणी दोघं एकमेकांच्या पँटी घालत. असा काय फरक पडणार होता?

नवव्या दिवशी दादा काठी टेकत आला आणि बैठकीवर बसला. बराच वेळ बसला. मग उठायला गेला, तर उठताच येईना. दुखण्याने पायांतला जोर गेला होता. दोनदा धडपडला. वहिनी आत होत्या.

"बारक्या," दादा म्हणाला, "हात दे."

कोपरेवाल्यांना बारक्या म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं. त्यांनी हात दिला. दादा उठला, हात सोडवून घेतला, "बुटकी झालीये बैठक," म्हणाला आणि आत गेला.

खोटं कशाला बोला, त्यांना मोह झाला. वेल रुजेपर्यंत पाणी घालायला रोज यायचंच होतं. बैठक तशीच राहू दिली, तर रोज एक हाक नक्की होती. पण अडकून बसलेल्या दादाचा चेहरा त्यांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दगड काढून बैठक चार बोटं वर घेतली आणि शेजारी धरायला खांब रोवला.

पुढे पंधरा दिवस ते पाणी घालायला येत राहिले. दादा रोज येऊन बसायचा आणि खांब धरून आपला आपण उठायचा. हाक त्याने एकदाही मारली नाही.