उपटलेले क्रूस

डहाणूच्या जुन्या चर्चचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या बडबडीमुळे. ऐंशीच्या दशकाचा शेवट. चर्चचा मोठा वर्धापनदिन जवळ आला होता. मी प्राथमिक शाळेतला गुरुजी, ख्रिस्तीही नाही. पण चहाच्या टपरीवर इंग्रजांच्या काळातल्या त्या इमारतीबद्दल असं काही ठोकून दिलं, की समितीवाल्यांना मी विद्वान वाटलो. मग मागच्या दफनभूमीत जाऊन संगमरवरावरची नावं उतरवली. कुणी साहेब, त्याची मडम, तापानं गेलेलं लेकरू. झाला इतिहास! भोवती कितीतरी लाकडी क्रूस होते. त्यांच्याकडे या विद्वानानं पाहिलंसुद्धा नाही.

समारंभाच्या आठवडाभर आधी आमच्या शाळेत पाणी भरणारी मावशी वर्गाच्या दारात उभी राहिली. ती तलासरीकडची, नवऱ्याला याच चर्चमागे पुरलेलं.

"गुरुजी, माझ्या माणसाचा क्रूस उपटला. साफसफाई म्हणं."

शाळा सुटताच तिच्यासोबत गेलो. पाहुणे येणार म्हणून कंत्राटदारानं साहेबांच्या कबरींना चुना फासला होता. लाकडी क्रूस उपटून भिंतीशी सरपणासारखे रचले होते, मातीचे उंचवटे सपाट केले होते. क्रूसांवर रंगानं लिहिलेली नावं पावसानं केव्हाच धुतलेली. आणि तिथली रीत अशी, की खूण नसलेली जागा रिकामी समजायची आणि पुढच्या मयताला खणायची.

"कुठलाही एक घे नि लाव गं," कंत्राटदार म्हणाला. "लाकूड ते लाकूड."

"तुमच्या बायकोला कुठलाही नवरा चालंल का, शेठ?"

मग माझं तोंड सुटलं. मराठी शिव्या संपल्या तशा गुजराती सुरू केल्या. दम लागला म्हणून एका साहेबाच्या कबरीवर टेकलो, उठलो, पाठ फिरवून पुन्हा ओरडलो. मजूर खिदळायला लागले. माझी पँट मागून पांढरीफेक! मी आणखीच भडकलो. आजही हे लिहिताना डोकं तापतं. मेलेल्या माणसांना दुसऱ्यांदा गाडलं, वर त्याला साफसफाई म्हणाले, हरामखोर.

मावशी हसली नाही. करंजाच्या झाडाजवळच्या सपाट पट्ट्यात ती फेऱ्या मारत होती. "इथंच कुठंतरी. पाच जण होते ओळीत." नेमकी जागा काही सापडेना. मग तिनं ढिगातून क्रूस उचलले. पाच.

"एवढे कशाला, मावशी?"

"या ओळीतला एक माझा. बाकीच्यांना काय वाऱ्यावर सोडू? धरा, गुरुजी. ठोका दगडानं."

"अहो, पाहुण्यांना कसं दिसेल?" कंत्राटदार मागून म्हणत राहिला. मी ठोकत राहिलो. तीन क्रूस तिरपे लागले, एकदा अंगठा ठेचला, पण ओळ उभी राहिली. तिथं आता कुणी कुदळ मारणार नव्हतं.

भिंतीशी बाकीचा ढीग तसाच होता. मावशी एका क्रूसापुढे बसली, उठली, दुसऱ्यापुढे बसली. रडायचं नेमकं कुठं, ते कळेना म्हणून शेवटी ओळीच्या मधोमध फतकल मारून बसली.