घरावर लावलेली टिकली

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. आता पंचाहत्तरी उलटली आहे आणि एका बाईवर माझ्यामुळे आलेला आळ अजून तसाच आहे. म्हणून लिहितो.

कंपनीत मी कामगारांना सेफ्टीचं ट्रेनिंग द्यायचो. रिटायर झाल्यावर एका संस्थेने वेगळं ट्रेनिंग सोपवलं. शाळकरी मुलांच्या हाती दारू लागू नये म्हणून गावोगावी गट उभे करायचे. शिक्षक, अंगणवाडीताई, किराणा दुकानदार, मंडळाचे कार्यकर्ते, बचत गटातल्या बायका, सगळ्यांनी मिळून लक्ष ठेवायचं. निघोजे गावचा गट माझा लाडका. तिथे पहिल्याच दिवशी मी फळ्यावर नियम लिहिला, ‘गटातलं बोलणं गटाबाहेर जाणार नाही,’ आणि सगळ्यांकडून तो तीनदा मोठ्याने म्हणवून घेतला.

त्या गटात दोघीजणी कायम बरोबर यायच्या. एक गावातली घरमालकीण, दुसरी तिच्याच खोलीत राहणारी लातूरकडची भाडेकरीण. एकीने भाजी निवडली की दुसरीने फोडणी घालायची, इतकं एक घर.

एका बैठकीत मी गावाचा नकाशा भिंतीवर लावला. मुलांना दारू जिथे मिळते असं वाटतं, तिथे एकेकाने जाऊन टिकली चिकटवायची; बाकीच्यांनी पाठ करून बसायचं. मालकिणीची पाळी शेवटची आली आणि टिकल्यांचं पाकीट संपलं. तिने सरळ कपाळाची टिकली काढून नकाशावर लावली. ती परत वळली तसा भाडेकरणीने डोक्याला हात लावला.

“अगं माय! अक्का, मालक जित्ते हायत की तुमचे!”

सगळे हसले. भाडेकरीण हसत हसत उठली आणि नकाशाजवळच पर्समधली एक टिकली काढून मालकिणीच्या कपाळावर दाबून बसवली.

नकाशा मी गुंडाळला तेव्हा पाहिलं. मालकिणीने टिकली स्वतःच्याच घरावर लावली होती. तिचा मुलगा नववीत होता.

दोन दिवसांनी तिचे यजमान चौकात भेटले, मोटरसायकलवरून चाकणला सोडतो म्हणाले. मला वाटलं, पुरुषाने पुरुषाला समजावलं तर ऐकेल. वाटेत म्हणालो, “भाऊ, पोराला घरात देत असाल तर नका देऊ.”

त्यांनी गाडी बाजूला घेतली. “रविवारी मटनासंगं घोटभर देतो. भायेर शिकन्यापरीस माज्यासमोर पिऊ दे. पन तुमाला कुनी सांगितलं? आमच्या खोलीवालीनं, व्हय ना?”

मी नाही म्हणालो नाही. त्यांच्या बायकोवर संशय जायला नको, एवढंच त्या क्षणी सुचलं. आणि नियम मीच मोडला, हे कबूल करायची लाजही वाटली.

आठवड्याभरात भाडेकरणीला खोली सोडावी लागली. पुढच्या बैठकीला मालकीण एकटीच आली.

“सर, तुमी नियम घालून दिला. तुमी पाळला, तिला न्हाई पाळता आला. सख्ख्या भनीवानी ठेवली व्हती तिला.”

यजमानांनी घरी माझं नाव घेतलंच नव्हतं; सगळं खापर खोलीवालीवर फोडलं होतं. “बसा, सुरू करू,” एवढंच मी म्हणालो.

त्या घरात पोराच्या पेल्यात ओतणं मात्र थांबलं. ते मी पुढे कितीतरी गावांत अभिमानाने सांगितलं. खोली कुणाची गेली, ते वगळून.

गेल्या वर्षी देहूरोडला नवा गट बांधायला गेलो. चहाचा कप पुढे करत एक बाई म्हणाली, “सर, वळखलं का?” केस पांढरे झाले होते, पण मी ओळखलं. ती माझ्या शेजारीच बसली. “अक्का भेटल्या तर सांगा, मी कुणालाच काई बोल्ले न्हाई. त्या घरावर टिकली दिसली तवा माझंच पोट तुटलं. त्या तुमचं ऐकतेत, सर.”

“सांगतो,” मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी निघोज्याला गेलो. मालकिणीने आग्रहाने जेवायला बसवलं. मुलगा कंपनीत पर्मनंट झाला म्हणून पेढा हातावर ठेवला. “तुमच्यामुळं वाचला, सर,” म्हणाली. वाढता वाढता सांगू लागली, आता खोल्यांत बिऱ्हाडं येतात नि जातात, पण कुणाशी तसा जीव लागत नाही. मी भाकरी मोडत राहिलो.

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिने विचारलं, “काय काम काढलं व्हतं, सर?”

“काही नाही. सहज आलो होतो.”

घरून निघाल्यापासून एकच गोष्ट मनात घोकत गेलो होतो: ताई, ती काही बोलली नव्हती. मी बोललो. तिला परत बोलवा, आणि जमलं तर मला माफ करा.