धाकटीचं पीठ
दुष्काळाच्या त्या साली विहिरीच्या तळाशी घागरभर पाणी उरलं होतं. ते आधी कोण घेणार यावरून मी माझ्या धाकट्या जावेची मातीची घागर ढकलून दिली. घागर फुटली. वर तिला नको ते बोलले. माझं तोंड पहिल्यापासून तिखट. आठवड्याभरात ती माझ्याशी न बोलताच ऊसतोडीला प्रवरेकडे निघून गेली. आम्ही जामखेडकडची माणसं, टोळी एकदा गेली की उन्हाळ्यापर्यंत येत नाही. पत्र तरी कुठल्या पत्त्यावर घालणार?

आम्ही ख्रिस्ती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चात, रीत होती की ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी समेट करावा, मगच येशूच्या आठवणीनं वाटलं जाणारं प्रभुभोजन घ्यावं. दर महिन्याला त्याचं ताट माझ्यापुढे यायचं आणि मी ते तसंच शेजारणीकडे सरकवायचे. त्या साली पाव मिळत नव्हता, ताटात भाकरीचे तुकडे असत. घरी तसलीच भाकरी खात होते, तरी त्या एका तुकड्यासाठी जीव तळमळायचा. देवानं आपल्याला टाकलं, असं वाटून मी चुलीपुढे रडायचे.

चौथ्या महिन्यात मंडळीचे पाळकसाहेब दारात आले. मंडळीतून माझं नाव काढायचा त्यांना अधिकार होता. आता आपली हजेरी घेणार, म्हणून मी पदर सावरून उभी राहिले. ते दमून ओट्यावर टेकले आणि त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेलं पीठ काढलं. एसटीनं ते थेट ऊसतोडीच्या तळावर जाऊन आले होते, पाचटाच्या एकेका कोपीत धाकटीला विचारत.

"तिनं दिलंय," ते म्हणाले. "म्हनाली, आक्काला सांगा, माझा राग कवाच गेला. तिच्या हातची भाकर लई आठवती."

"मी तिला काय बोलले, ते सांगितलं का तिनं?"

"न्हाई. मीबी इचारलं न्हाई. रविवारच्या ताटातली भाकर याच पिठाची करा."

रविवारी ताट माझ्यापुढे आलं. माझा हात काही उचलेना. पाळकसाहेब ताट धरून, वाकून, तसेच थांबले. सगळा अधिकार ज्याचा, तो प्रभूही माझ्यासाठी असाच थांबला असेल, हे मला तेव्हा कळलं. समेट मी करायला हवा होता. तो समेटच माझ्या दारी चालत आला. मी फक्त हात पुढे केला.

उन्हाळ्यात धाकटी परतली. टँकर आला तेव्हा मी आधी तिची घागर भरली.